आधी तळे, मग मासा, मग काठी

रायपूरच्या बुढापाऱ्यात एका नातवाने आजोबांकडे मागितली अमेरिकेतल्या एका दांडग्या माशासाठी गळाची काठी. त्या हट्टातून निघालेली ही काठीची, बांबूची आणि तळ्याची गोष्ट.

रायपूरच्या बुढापाऱ्यात सकाळ उजाडते ती तळ्याच्या पाण्यावर. काठावरच्या दिव्यांची प्रतिबिंबे अजून पुरती विझलेली नसतात, तोच फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. तळ्याच्या मध्यभागी बेटावर बाग आहे आणि त्या बागेत स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा. मध्येच पाण्यावर एखादे वर्तुळ उमटते, पसरत जाते आणि विरते. फिरणारे आपल्या नादात पुढे जातात. एखादाच कठड्याशी थबकतो आणि पुटपुटतो, "कटला असावा."

असे थबकणाऱ्यांपैकी एक म्हणजे बुढापाऱ्यातले एक आजोबा. बँकेतून निवृत्त झालेले, तीन पिढ्यांचे रायपूरकर. त्यांच्या घरात मराठी चालते, अंगणात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा बारा वर्षांचा नातू पुण्याहून आला. चकली-लाडवाचा डबा उघडायच्या आधीच त्याने जाहीर केले, "आजोबा, मला मस्कीची काठी पाहिजे. नऊ फुटी!"

"मस्की म्हणजे कोण रे बाबा?" आजीने विचारले.

आजोबा हसले नाहीत. त्यांची नजर माळ्याकडे गेली. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेली एक काठी कितीतरी वर्षे पडून होती.

तळ्याकाठची वस्ती

छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे आळी, मोहल्ला. बुढा तलावाकाठचा तो बुढापारा. बुढादेव या गोंडांच्या देवावरून तळ्याला हे नाव पडले, असे इथे सांगतात. रायपूरच्या जुन्या किल्ल्याच्या आसऱ्याने असलेले हे तळे पूर्वी आजच्यापेक्षा खूपच मोठे होते. शहर वाढत गेले तसे तळे आक्रसत गेले.

तळ्याचे अधिकृत नाव विवेकानंद सरोवर. त्याला कारणही तसेच आहे. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र आपल्या वडिलांकडे, विश्वनाथ दत्तांकडे, रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे इथे राहिला. रेल्वे तेव्हा रायपूरपर्यंत पोचलेली नव्हती. दत्त कुटुंब बुढापाऱ्यात राहत होते आणि ते घर पुढे 'डे भवन' म्हणून ओळखले गेले.

मराठी माणसाला हा परिसर परका वाटत नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी छत्तीसगढ घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे इकडे स्थिरावत गेली. तात्यापारा हे वस्तीचे नाव आजही रायपुरात आहे. बुढापाऱ्यातल्या शाळेला नाव आहे ते माधवराव सप्रे यांचे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे, 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे सप्रे १९२६ साली रायपुरातच वारले. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने साधारण पाच तासांत रायपूर येते. हे अंतर मनाने त्याहूनही कमी वाटते.

अशा या तळ्याकाठच्या घरात दिवाळीच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेतला मासा येऊन दाखल झाला.

दहा हजार फेकांचा मासा

नातवाने टीव्हीवर परदेशी कार्यक्रम पाहिला होता. मस्की, म्हणजे पूर्ण नाव मस्केलंज, हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाइक कुळातला हा सर्वांत मोठा. लांबट देह, चपटे तोंड आणि जबड्यात सुऱ्यांसारखे दात. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो निश्चल उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की बाणासारखा सुटतो. चार फुटांपेक्षा लांब मस्की मिळतात. १९४९ साली विस्कॉन्सिन राज्यात पकडलेला, ६७ पौंड ८ औंसांचा, म्हणजे साधारण साडेतीस किलोंचा मासा आजही विक्रमी मानला जातो. या राज्याने १९५५ साली मस्कीला आपला राज्यमासा ठरवले.

मात्र तो सहजी गळाला लागत नाही. म्हणून तिकडचे शौकीन त्याला 'दहा हजार फेकांचा मासा' म्हणतात. दिवसच्या दिवस गळ फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा, आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायचे.

"आणि त्याला नऊ फुटी काठी कशाला लागते, ठाऊक आहे?" आजोबांनी विचारले.

"मोठा मासा, म्हणून मोठी काठी!" नातू म्हणाला.

नेमके इथेच बहुतेकांचे चुकते. मस्कीची काठी दणकट असते ती केवळ माशाच्या वजनासाठी नव्हे. त्याच्यासाठी जे खोटे आमिष वापरतात, लाकडाचा वा रबराचा रंगीत मासा, तेच दोन औंसांपासून आठ-दहा औंसांपर्यंत, म्हणजे साठ ग्रॅमपासून पाव किलोपर्यंत भरते. असे वजन दिवसभर फेकायचे तर साधी काठी मोडेल, नाहीतर फेकणाऱ्याचा खांदा तरी दुखेल. दोन्ही हातांनी धरता येईल अशी लांब मूठ म्हणूनच हवी.

लांबीचे कारण आणखी गमतीचे आहे. मस्की आमिषामागे थेट नावेपर्यंत येतो, पण तोंड उघडत नाही. अशा वेळी मच्छीमार काठीचे टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवतो. काठी आखूड असली तर वळण अरुंद होते आणि एवढा लांब मासा त्या वळणात वळू शकत नाही. पूर्वी तिकडे साडेपाच-सहा फुटांच्या ताठ काठ्या वापरत. आता साडेआठ-नऊ फुटांकडे कल आहे. सोबत ऐंशी पौंड ताण सोसणारा विणलेला दोर आणि दातांनी तो तुटू नये म्हणून पुढे तारेचा किंवा जाड तंगुसाचा तुकडा.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मस्की पकडणारे बहुतेक जण त्याला मोजून पुन्हा पाण्यात सोडतात. मासा जितका जास्त वेळ झुंजेल तितका त्याचा देह थकतो, स्नायूंत आम्ल साठते आणि सोडल्यावर काही तासांनीही तो मरू शकतो. म्हणून काठी अशी हवी, की झुंज लवकर संपेल. उन्हाळ्यात पाणी सत्तावीस अंशांच्या पुढे तापले, की जाणते मच्छीमार मस्कीच्या वाटेलाच जात नाहीत.

माळ्यावरची काठी

एवढे बोलून झाल्यावर आजोबांनी माळ्यावरची काठी खाली उतरवली. काचतंतूची, सडपातळ, दिसायला देखणी. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती हौसेने घेतली होती. धमतरी रस्त्याला एका मित्राच्या शेततळ्यावर पहिल्याच दिवशी मोठा कटला लागला. काठी लवलवती, दोर बारीक. माशाला आवरता येईना आणि सोडवतही नव्हते. काठावर माणसे जमली, कोणी टाळ्या वाजवल्या. पाऊण तासाने दोर तुटला आणि सगळे हळहळले, "अरेरे, गेला!"

चौथ्या दिवशी मित्राने बोलावून दाखवले. कटला काठाशी तरंगत होता. तोंडात गळ आणि मागे दोन हात लांब तंगूस, पाणगवतात गुरफटलेला.

"तो गळाने मेला नाही राजा," आजोबा म्हणाले, "माझ्या हौसेने मेला. काठी मी माझ्या डोळ्यांना आवडली म्हणून घेतली होती. पाणी कोणते, मासा कोणता, हा विचारच केला नव्हता."

त्यानंतर त्यांनी गळ टाकला नाही. नातवाला मात्र त्यांनी 'नको' म्हटले नाही. एवढेच म्हणाले, "आधी तळे, मग मासा, मग काठी. या क्रमाने चलशील तर उद्या बाजारात जाऊ."

गोलबाजारात

रायपूरचा गोलबाजार म्हणजे पूजासाहित्यापासून दोरखंडापर्यंत सारे एका ठिकाणी. तिथल्या एका दुकानात काठ्यांची जुडी उभी होती. नातवाने सर्वांत लांब आणि लाल रंगाची उचलली. आजोबांनी चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचायला सुरुवात केली. चांगल्या काठीवर चार गोष्टी छापलेल्या असतात. लांबी, ताकद, लवण्याची जागा आणि किती वजनाचे आमिष व किती ताणाचा दोर तिला झेपेल ते.

ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते. लवण्याची जागा म्हणजे काठी नेमकी कुठून वाकते. काही काठ्या फक्त शेंड्याकडून वाकतात, काही मध्यापासून, तर काही थेट मुठीपर्यंत. शेंड्याकडून वाकणारी काठी चटकन हिसका देते. मस्कीसारख्या हाडकुळ्या, कठीण जबड्यात गळ रुतवायला ती बरी. पण रोहू-कटल्याचे ओठ मऊ असतात. तिथे ताठ काठीने हिसका दिला तर ओठ फाटून गळ निसटतो. त्यांना मध्यापासून लवणारी, माशाचा धक्का पोटात घेणारी, नऊ-दहा फुटांची काठी हवी. शिवाय पिठाचा हलका गोळा मस्कीच्या काठीने फेकायला जावे तर तो पायाशीच पडतो.

"मग आपल्याकडे मस्कीसारखा कोणीच नाही?" नातू हिरमुसला.

"आहे की! मरळ."

मरळ हा आपल्या तळ्यांतला, भातखाचरांतला शिकारी मासा. तोही पाणगवतात दबा धरतो आणि झडप घालतो. आकाराने मस्कीपेक्षा पुष्कळ लहान, पण स्वभावाने त्याचा भाऊ शोभावा असा. मरळीला साडेसहा-सात फुटांची, शेंड्याकडून वाकणारी, मध्यम ते जड ताकदीची काठी आणि तीस-चाळीस पौंडांचा विणलेला दोर पुरतो. गवतात शिरण्याआधी मासा वळवता यावा, एवढा जोर तिच्यात हवा.

त्यानंतर सुरू झाली काठीची परीक्षा. कोणत्याही घरातल्या मुलाला काठी घेऊन देताना उपयोगी पडेल अशी.

दोरा ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कड्याच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचा तंतू अडकला तर कडे चिरलेले आहे आणि ते दोर कापणार, हे नक्की. काठीचे तुकडे जोडून हलवून पाहावेत, सांध्यात खडखड नको. रीळ बसवून, रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर काठी तोलावी. ती पुढे फार झुकत असेल तर तासाभरात मनगट भरून येईल. दुकानदाराच्या परवानगीने शेंड्याला दोर बांधून हळूच ओढावे आणि बाक एकसारखा येतो का ते पाहावे. शेंडा हाताने मुडपून पाहण्याचा मोह टाळावा, काठ्या बहुधा तशाच मोडतात.

कार्बनची काठी हलकी आणि हाताला चटकन खबर देणारी, पण दगडावर आपटली तर तिला न दिसणारी चीर जाते. काचतंतूची जड, पण दांडगाई सोसणारी. नवशिक्या मुलाला दोन्हींच्या मिश्रणाची काठी बरी. आणखी एक गोष्ट आजोबांनी नातवाकडून दोनदा वदवून घेतली. कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली काठी उभी करायची नाही आणि आभाळ गडगडले की ती खाली ठेवून घरी यायचे.

अखेर लाल काठी जुडीत परत गेली. सात फुटी, काळी, साधी काठी घरी आली. छपाई आणि चमक कमी, म्हणून तिची किंमतही कमी होती.

मानवेलाची गोष्ट

घरी परतताना आजोबा एका बुरूडकाम करणाऱ्यापाशी थांबले. सुपे आणि टोपल्या रचलेल्या होत्या. "ज्या अमेरिकेची काठी तुला हवी होती ना, तिथल्या पहिल्या नामांकित काठ्या आपल्याकडच्या बांबूच्या होत्या," ते म्हणाले.

ही गंमत खरी आहे. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप्पे नावाचा बंदुका बनवणारा कारागीर बांबूच्या कांबटी तासून, त्या चिकटवून काठ्या करू लागला. तो बांबू कलकत्ता बंदरातून जाई, म्हणून तिकडे त्याचे नाव 'कलकत्ता केन'. हा बांबू म्हणजे आपला मानवेल, असे जाणकार मानतात. नर बांबूही म्हणतात त्याला, कारण तो जवळजवळ भरीव असतो. लाठ्या आणि भाल्यांचे दांडे याचेच. छत्तीसगढच्या जंगलांत याची बेटेच्या बेटे आहेत.

पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने कलकत्ता बांबूला मागे टाकले. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली तेव्हा काचतंतूने जोर धरला आणि १९७० च्या दशकात कार्बन आला. पण छत्तीसगढच्या गावांत आजही 'गरी' खेळणारे, म्हणजे गळ टाकणारे, बांबूचीच काठी वापरतात.

मरळीचे घर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नातू रायपूरबाहेरच्या एका गावी गेले. तळ्याचा ठेका असलेल्या केवट मंडळींची परवानगी आधीच घेतलेली होती. हे महत्त्वाचे. गावतळी आणि शहरातली तळीही अनेकदा मच्छीमारांच्या संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. त्यांच्या पोटाचा तो आधार आहे. न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले कणीस मोडणे. शिवाय छत्तीसगढात १६ जून ते १५ ऑगस्ट या विणीच्या काळात नद्या आणि त्यांना जोडलेल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते.

गळाचा उलटा काटा आजोबांनी पक्कडीने दाबून सपाट केला, म्हणजे सोडताना माशाचे तोंड फाटत नाही. नातवाने पहिली फेक टाकली ती मागच्या बाभळीत. दुसरी पायाशी. वृद्ध केवट काठावर बसून हसला, "धीर धर बाबू, मछरी कहाँ जाही!"

दहाव्या-बाराव्या फेकीला रबरी बेडूक नीट पाणगवताच्या कडेला पडला. नातू पुन्हा फेकणार, एवढ्यात केवटाने बोट दाखवले. गवताशेजारी पाणी खदखदत होते. तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा वर येत होता, खाली जात होता. त्याखाली एक काळसर सावली.

मरळीची जोडी पिल्लांना असे राखते. पिल्ले श्वास घ्यायला वर येतात आणि पालक खाली पहारा देतात. त्या वेळी जवळ पडलेल्या कशावरही मरळ तुटून पडते, भुकेने नव्हे, रागाने. तेव्हा तिला पकडणे सोपे. पण तिला बाहेर काढले, तर थोड्या वेळात इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

नातवाच्या हातात नवी काठी होती, समोर त्याची 'मस्की' होती आणि फेकही आता जमू लागली होती. त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबा काही बोलले नाहीत. ते पाण्याकडे पाहत राहिले.

नातवाने रीळ फिरवले. बेडूक हळूहळू काठाशी आला. त्याने तो उचलून मुठीजवळच्या कड्यात अडकवला.

"दुसऱ्या बाजूला बसू या, आजोबा?"

दुसऱ्या बाजूला दुपारपर्यंत काहीच लागले नाही. घरून आणलेला चिवडा संपला.

निघताना केवटाने एक मानवेल आणून दिला. पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन वर्षांचा, जवळजवळ पेरांचा, सरळ. असा बांबू लगेच वापरायचा नसतो. त्यातले पिठूळ सत्त्व निघून जावे, कीड लागू नये, म्हणून आधी तो पाण्यात बुडवून ठेवतात. मग सावलीत टांगून सुकवायचा, वाकडा असेल तिथे धगीवर शेकून सरळ करायचा आणि जवसाचे तेल चोळायचे. नातवाने बांबू आपल्याशेजारी उभा धरला आणि आपल्या उंचीपाशी लाल दोरा बांधला. केवटाने दगड बांधून बांबू तळ्यात सोडला.

"उन्हाळ्यापर्यंत तो तयार होईल," आजोबा म्हणाले, "तूही थोडा वाढशील."

त्या संध्याकाळी बुढा तलावाच्या कठड्याशी दोघे उभे होते. २०२० च्या सुमारास सुशोभित झालेल्या काठावर दिवे लागले होते, मुले बोटीसाठी हट्ट करत होती. पाण्यावर एक वर्तुळ उमटले.

"कटला?" नातवाने विचारले.

"असेल," आजोबा म्हणाले.

घरी आल्यावर आजोबांनी ती जुनी सडपातळ काठी पुन्हा चादरीत गुंडाळली, पण माळ्यावर ठेवली नाही. दाराशेजारच्या कोपऱ्यात, नव्या काठीलगत उभी केली. सुट्टी संपली, गाडी नागपूरच्या पुढे गेली आणि रायपूरच्या घरातला फोन वाजला.

"आजोबा, बांबू पूर्ण बुडालाय ना? एकदा जाऊन बघाल?"

"उद्याच जातो रे राजा," आजोबा म्हणाले.